हौसाची सोबत

"अनशे, कुणाला सांगू नगंस," हौसा म्हणाली आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसली.

बोर्डिंगच्या मागं, न्हाणीपलीकडं भोपळ्याचा वेल होता. त्याच्या आडोशाला तिला उलटी झाली होती. सकाळची प्रार्थना अजून व्हायची होती. मी चुलीतली राख आणून वर टाकली आणि पायानं सारखी केली.

"लई दुखतंय?"

"राती बेंबीपाशी हुतं. आता हिकडं आलंय." तिनं पोटाच्या उजव्या अंगाला हात दाबून धरला. "पर सांगू नगंस. भागूमावशी एरंडेल पाजंल."

मी मान हलवली. तिचं तोंड धुतलं, माझ्याच परकरानं पुसलं, आणि आम्ही दोघी प्रार्थनेला जाऊन उभ्या राहिलो.

ही एकोणीसशे अठ्ठावन्न सालातली गोष्ट. भाद्रपद महिना, बुधवार. आम्ही दोघी अकरा वर्षांच्या, पाचवीत. आज माझी पंच्याहत्तरी उलटून गेली आहे, पण ती राख टाकताना माझ्या अंगठ्याला लागलेला चटका मला अजून आठवतो.

आमचं गाव काळगेवाडी, डोंगराच्या कुशीत. चौथीपर्यंतची शाळा देवळात भरायची आणि चौथी झाली की मुली शेळ्यांमागं जायच्या. त्या वर्षी उन्हाळ्यात मोठ्या बाई आमच्या गावात आल्या. पांढरं लुगडं, हातात काळी छत्री आणि पायांत पुरुषांसारखे कॅनव्हासचे बूट. ओढ्यापासून दोन मैल चढण चालून आल्या होत्या. त्या बुटांचीच गावात चार दिवस चर्चा चालली.

त्यांचं नाव मथुराबाई नाईकनवरे. तालुक्याच्या गावी मुलींचं हायस्कूल होतं, त्याच्या त्या मुख्याध्यापिका. आमच्या भागात तोवर बाईमाणूस हेडमास्तर झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. सोळाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. वडील पलटणीतले हवालदार. त्यांनी मुलीला सासरहून परत आणलं आणि भाऊबंदांचा रोष पत्करून पुण्याला शिकायला ठेवलं. बी.ए., बी.टी. होऊन त्या परत आल्या आणि शाळेच्या प्रमुख झाल्या, तेव्हा तिथल्या एका मास्तरांनी म्हणे मस्टरवर सही करायला त्यांच्यासमोर जायचं नाकारलं. ते बाई यायच्या आधी येऊन सही उरकून घ्यायचे. मग बाई त्यांच्याही आधी, उजाडता उजाडता येऊन मस्टर समोर ठेवून बसायला लागल्या. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. महिन्याभरात मास्तर सरळ झाले.

त्यांनी गुळाचं एक जुनं गोदाम संस्थेकडून मागून घेतलं, चुना लावला आणि खेड्यांतल्या मुलींसाठी बोर्डिंग सुरू केलं. भिंतींत गुळाचा वास इतका मुरला होता की काळ्या मुंग्यांच्या रांगा आमच्या अंथरुणांतून फिरायच्या.

बाई आमच्या गावात आल्या त्या हौसासाठी. चौथीच्या परीक्षेत ती केंद्रात पहिली आली होती. हौसाचे वडील दौलूतात्या पडवीत बसून सगळं ऐकत होते.

"पोर हुशार हाय, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर एकलीला कशी धाडू? कुनीतरी सोबत पायजे."

बाईंनी अंगणात नजर टाकली. मी तिथंच गजगे खेळत होते.

"ही कोण?"

"ती व्हय? ती अनशी. शेजारची. आभ्यासात आपली बेताचीच."

"चालेल," बाई म्हणाल्या.

अशी मी शिकायला गेले. हौसाची सोबत म्हणून. आमच्या आबांनीही, माझ्या वडिलांनी, फार विचार केला नाही. माझी आई गेलेली, घरात खाणारी अकरा तोंडं, त्यातलं एक कमी झालं. जाताना दौलूतात्यांनी मला बजावलं, "अनशे, तिला सोडू नगंस हां."

बोर्डिंगात आम्ही अकरा मुली होतो. बाई आमच्यातच राहायच्या, आमच्याच पंगतीला जेवायच्या. रविवारी ओळीनं बसवून एकेकीची डोकी धुवायच्या, शिकेकाई डोळ्यांत गेली की फुंकर घालायच्या. वर्गात मात्र तीच बाई वेगळी असायची. तिथं लाड नव्हते.

मला बोर्डिंग फार आवडलं. हे हौसाला कधी कळलं नाही, कारण तिला घरची ओढ लागली की मीही तिच्याबरोबर रडायची. पण माझं रडणं खोटं होतं. मला दोन वेळा पोटभर मिळत होतं. माझी स्वतःची पत्र्याची ट्रंक होती. पहाटे शेण काढायला कुणी लाथ मारून उठवत नव्हतं. गणितात मला तीस मार्क पडले तरी बाई वहीवर "पुढच्या वेळी चाळीस" असं लिहायच्या. माझ्याविषयी कुणाला काही अपेक्षा आहे हे मला त्या लाल शाईतूनच पहिल्यांदा कळलं.

बाईंचा एकच नियम मुलींना जाचायचा. दिवाळीपर्यंत घरी जायचं नाही, गौरी-गणपतीलाही नाही. आदल्या वर्षी त्यांनी गौरीला मुलींना सोडलं होतं. सातजणी गेल्या, तिघीच परत आल्या. दोघींची लग्नं ठरली होती आणि दोघींना घरच्यांनी शेतात भांगलणीला, तण काढायला, ठेवून घेतलं होतं. बाई त्यांच्या गावी जाऊन रिकाम्या हातांनी परत आल्या होत्या. तेव्हापासून हा नियम.

त्यामुळं त्या वर्षी भाद्रपद लागताच बोर्डिंगात दुखणी सुरू झाली. एकीचं डोकं, एकीचे पाय. एका मुलीनं काखेत कांदा धरून ताप आणला होता. बाईंनी तो कांदा काढून घेतला आणि भागूमावशीला म्हणाल्या, "भाजीत टाका." सगळं बोर्डिंग हसलं. या दुखण्यांना बाईंनी नावच ठेवलं होतं, गौरीचं दुखणं.

त्या बुधवारी हौसा दुपारी शाळेतून उठून आली आणि अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन पडली. भागूमावशी आमची स्वयंपाकीण. तिनं बाईंना बोलावलं. बाई आल्या, तिच्या उशाशी बसल्या, कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"कुठं दुखतंय, बाळ?"

"पोटात." आणि मग न राहवून, "बाई, मला घरी धाडा. आईकडं जायचंय मला."

बाईंचा चेहरा जरा बदलला. हे वाक्य त्या आठवड्यात त्यांनी चार-पाच जणींकडून तरी ऐकलं असेल. गौरी परवावर आल्या होत्या. त्या उठल्या, व्हरांड्यात आल्या आणि मला हाक मारली. तिथं त्यांनी मला एक-दोन गोष्टी विचारल्या, मी उत्तर दिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत वळून म्हणाल्या, "भागूबाई, एरंडेल द्या तिला. सकाळपर्यंत बरं वाटेल."

हौसा एरंडेल प्यायली. पिताना तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पेला धरून उभी होते.

गुरुवारी ती दिवसभर कण्हत होती. बाई दोनदा येऊन गेल्या, शेकायला पिशवी दिली. आणि दुपारी चारच्या सुमाराला दुखणं एकाएकी थांबलं. हौसा उठून बसली. तिच्या कपाळावर घाम होता, पण ती हसली.

"गेलं बघ," ती म्हणाली.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली. "बरं झालं गं बाई! आता उद्या इथंच गौरी बसवू. हौसा, तू मुखवट्याला कुंकू लावायचंस."

"व्हय बाई," हौसा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिचं अंग भट्टीसारखं तापलं. पोट फुगून फळीसारखं टणक झालं होतं. हात लावू देईना. बाईंनी तिला एकदाच पाहिलं आणि त्या पळत सुटल्या. मोठ्या बाई पळताना आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नाही. दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी पोट पाहिलं, एरंडेलाचं ऐकलं आणि बाईंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. बाई भिंतीला टेकल्या.

गुळाच्या ढेपी नेणारा एक ट्रक मिळाला. बाई हौसाचं डोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या. जिल्ह्याच्या गावी न्यायला पाच तास लागले. काळगेवाडीला निरोप घेऊन एक माणूस धाडला होता, पण ओढ्याला पाणी आल्यामुळं तो अलीकडंच अडकला.

हौसा शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला गेली. पोटातलं आतडं गुरुवारीच फुटलं होतं. दुखणं थांबलं म्हणून आम्ही हसलो ना, तेव्हाच.

दुपारी इस्पितळाची गाडी बोर्डिंगसमोर उभी राहिली. बाई खाली उतरल्या. त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर ट्रकातल्या गुळाच्या मळीचे डाग होते. त्या सरळ माझ्याकडं आल्या.

"अनुसया, चल. तुझ्या गावी जायचंय."

वाटेत आमच्यामध्ये हौसा होती, चादरीत गुंडाळलेली, आणि गाडी खड्ड्यात गेली की बाई तिचं डोकं हातानं सावरायच्या.

ओढ्याचं पाणी उतरलं होतं. अलीकडच्या वस्तीतल्या माणसांनी झोळी केली. बाई झोळीबरोबर चढण चढल्या. आम्ही गावात शिरलो तेव्हा अजून उन्हं होती. गौरीपूजनाचा दिवस होता तो. घराघरांतून पुरणाचा वास येत होता. दौलूतात्यांच्या पडवीत तानूकाकीनं, हौसाच्या आईनं, गौर उभी केली होती. हिरवं लुगडं, मुखवटा, गळ्यात स्वतःची बोरमाळ. ती गौरीपुढं रांगोळी घालत बसली होती. आम्हांला पाहून उठली, आणि झोळी पाहून तिथंच उभी राहिली.

त्या वेळचं रडणं मी सांगत नाही. ते सांगून कळायचं नाही.

सगळा गाव जमला. आबांनी मला जवळ ओढून घेतलं. बाई अंगणाच्या मध्यावर उभ्या होत्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. बराच वेळ गेला. मग दौलूतात्या उठून त्यांच्यापुढं आले. उंच माणूस, पण त्या दिवशी वाकल्यासारखा दिसत होता.

"काय झालं माज्या पोरीला?"

बाईंनी सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. "बुधवारी तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. घरी धाडा म्हणाली. मला वाटलं, सणासाठी खोटं बोलतेय. मी डॉक्टरला बोलावलं नाही. एरंडेल दिलं. ते द्यायला नको होतं. माझी चूक झाली, तात्या. दुसऱ्या कुणाची नाही. माझी."

"खोटं बोलतीया?" दौलूतात्या म्हणाले. "माजी हौशी? अवं, ती जल्मात खोटं बोलली न्हाई. तुमाला कुनी सांगितलं, ती खोटं बोलतीया म्हनून?"

बाई माझ्यापासून चार हातांवर होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. डोळ्यांची पापणीसुद्धा माझ्या बाजूला वळली नाही.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मी माझ्या मनानं ठरवलं."

आता मला सांगायलाच हवं.

बुधवारी व्हरांड्यात बाईंनी मला विचारलं होतं, "अनुसया, तू तिच्याबरोबर असतेस. खरं सांग, हौसाचं दुखणं खरं आहे की गौरीचं?"

आणि मी म्हणाले होते, "गौरीचं."

"सकाळी जेवली होती का? उलटी वगैरे?"

"न्हाई बाई. काय न्हाई झालं."

हौसानंच सांगू नकोस म्हटलं होतं, हे खरं. पण मी त्यासाठी खोटं बोलले नाही. मला माहीत होतं, हौसा घरी गेली की माझीही ट्रंक उचलली जाणार. मी नुसती सोबत; जिची सोबत तीच गेल्यावर मला कोण ठेवून घेणार? मग पुन्हा ते शेण, ती लाथ, ती अकरा तोंडं. मला जायचं नव्हतं. राख टाकताना मी तिची हिरवी उलटी पाहिली होती. मला कळत होतं की हे कांद्याचं दुखणं नाही. तरीही मी म्हणाले, गौरीचं.

त्या अंगणात माझ्या तोंडाशी शब्द आले होते. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तोंड उघडलं नाही.

मग तानूकाकी पुढं आली. तिचा आवाज बसला होता. तिनं बाईंना एकच विचारलं.

"मला बोलावत हुती का ती?"

खोटं सांगता आलं असतं. शुद्ध नव्हती म्हणता आलं असतं.

"हो," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

तानूकाकीनं ऐकलं, मान हलवली, आणि गौरीच्या गळ्यातली बोरमाळ काढून ती हौसाच्या उशाशी जाऊन बसली.

पंधरा दिवसांत बोर्डिंग रिकामं झालं. एकेका मुलीचा बाप येऊन ट्रंक उचलून घेऊन गेला. बाई फाटकापर्यंत जायच्या आणि हात जोडायच्या. पुढचं मला भागूमावशीनं सांगितलं. संस्थेची बैठक बसली. अध्यक्षांनी बाईंना वाट काढून दिली होती: एरंडेल स्वयंपाकिणीनं परस्पर पाजलं असं लिहून द्या, तिला काढून टाकू, प्रकरण मिटेल. बाईंनी लिहून दिलं ते असं, की एरंडेल माझ्या सांगण्यावरून दिलं, भागूबाईंचा दोष नाही. आणि खाली राजीनामा. पण शाळेला दुसरी मुख्याध्यापिका मिळेना, म्हणून तो राजीनामा तसाच पडून राहिला. बोर्डिंग मात्र दिवाळीनंतर बंद करायचं ठरलं.

मी काळगेवाडीतच राहिले होते. पुन्हा शेण, पुन्हा पाणी. दौलूतात्यांच्या दारावरून जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं ओढ्यावर जायची.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस दौलूतात्याच आमच्या घरी आले. दाढी वाढलेली. आबांनी घोंगडं अंथरलं, पण ते बसले नाहीत.

"अनशीची ट्रंक कुठं हाय?"

"माळ्यावर. का रं दौलू?"

"काढ खाली. मी तिला सोडून येतो."

आबा बघतच राहिले. "आरं, तुझीच पोर तिथं..."

"व्हय. माजीच पोर." तात्या म्हणाले. "तिला शिकायचं हुतं. ती न्हाई शिकली. आता निदान तिची सोबत तरी शिकंल. त्या बाईनं माज्या दारात हुबं राहून चूक कबूल केली, आबा. माज्या उभ्या जल्मात शिकल्याल्या माणसानं गरिबाम्होरं चूक कबूल केल्याली म्या बघितली न्हाई. ह्या बाईच्या हातात पोर द्यायला मला भ्या न्हाई वाटत."

त्यांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली. आठ मैल आम्ही चाललो. ते पुढं, मी मागं. ओढ्याच्या दगडांवरून जाताना त्यांनी मागं वळून मला हात दिला. मी तो धरला. त्या वाटेवर मला दहा वेळा वाटलं, आत्ता सांगावं. एकदा मी "तात्या" म्हटलंही. ते थांबले. "काय गं? दमलीस?" मी म्हटलं, "न्हाई." त्यांनी ट्रंक खाली ठेवली, मला दगडावर बसवलं आणि फडक्यातली भाकरी सोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

बोर्डिंगाच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या. कुठून कुणास ठाऊक, त्यांना आम्ही लांबून दिसलो असणार. तात्यांनी ट्रंक त्यांच्या पायाशी ठेवली.

"बाई, ही घ्या. आमच्या हौशीच्या जागी."

बाईंनी वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. पुरुषांकडून मस्टरवर सही करून घेणारी बाई ती. तिनं रस्त्यावर, लोकांदेखत, एका शेतकऱ्याचे पाय धरले.

बंद व्हायचं ठरलेलं बोर्डिंग त्या वर्षी माझ्या एकटीवर चाललं. अकरा खाटांच्या खोलीत मी एकटी झोपायची. सकाळी घंटा व्हायची, प्रार्थना व्हायची, बाई वही उघडून हजेरी घ्यायच्या. एकच नाव. "अनुसया काळगे." "हजर, बाई." पुढच्या वर्षी दौलूतात्या स्वतः वाड्या-वस्त्या हिंडले आणि सहा मुली आल्या. मग वीस. मग जागा पुरेना.

बाई पुढं फार मोठ्या झाल्या. जिल्ह्याच्या पहिल्या महिला शिक्षणाधिकारी झाल्या. सात तालुक्यांत मुलींची वसतिगृहं काढली. त्यांचं एक परिपत्रक सगळ्या वसतिगृहांत भिंतीवर लावलेलं असायचं: मुलगी दुखतंय म्हणाली की आधी डॉक्टर, मग चौकशी. शंका घेणाऱ्या अधीक्षिकेला त्या जागेवरून काढत. लोक म्हणायचे, बाई याबाबतीत फार कडक. का, ते मला माहीत होतं.

त्यांनी मला शिकवलं, बी.एड. केलं, नोकरीला लावलं. इतक्या वर्षांत त्या व्हरांड्याविषयी त्या माझ्याशी एकदाही बोलल्या नाहीत.

एकोणीसशे एकोणऐंशीत, बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी, मला त्यांच्याच शाळेची मुख्याध्यापिका नेमलं. ऑर्डर घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. मी पाया पडले.

"बोर्डिंगात मुली किती आहेत आता?"

"एकशे चाळीस."

"चांगलं झालं." त्या समाधानानं मागं टेकल्या.

आणि माझा बांध फुटला. मी तिथंच जमिनीवर बसले. "बाई, मी ही खुर्ची नाही घेऊ शकत. तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं होतं. तिची उलटी मी पाहिली होती, बाई. राख टाकून मीच झाकली होती. मला घरी जायचं नव्हतं म्हणून..."

त्यांनी माझा हात शोधून हातात घेतला.

"मला माहीत होतं. शुक्रवारी ट्रक यायच्या आधी भागूबाईनं वेलाखालची राख दाखवली, तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही अंगणात का नाही सांगितलं?"

"तू अकरा वर्षांची होतीस, अनुसया. मी सदतीस. आणि खरं सांगू? तुझ्या उत्तरामुळं मी फसले, असं मी कधी मनाला सांगितलं नाही. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. त्याला न विचारता मी एका पोरीला विचारलं, कारण मला हवं तेच उत्तर तू देणार, हे मला आतून ठाऊक होतं. मला माझा नियम मोडायचा नव्हता. तुला घरी जायचं नव्हतं. आपण दोघींनी आपलं आपलं पाहिलं, आणि ती पोर मध्ये गेली."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "खुर्ची घे. पण हे मला सांगून काय उपयोग? मी काही हौसाची आई नाही."

दौलूतात्या त्याआधी चार वर्षं वारले होते. मी काळगेवाडीला गेले तेव्हा तानूकाकी पडवीत शेंगा फोडत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"आली का माजी हेडमास्तरीण! गावात समद्यांनी सांगितलं मला. हौशी असती तर तीबी..." ती थांबली. "ये, बस. च्या ठिवते."

"काकी, चहा नको. आधी माझं ऐक."

मी सगळं सांगितलं. वेल, राख, व्हरांडा, माझं उत्तर. आठ मैलांच्या वाटेवर तात्यांना न सांगितलेलंही सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझं संपल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं, खूप वेळ, जशी काही मी कोण आहे हे तिला आठवत नव्हतं.

मग ती उठली. मांडीवरची टरफलं झटकली. आत गेली.

मी बसून राहिले. आतून भांड्याचा आवाज येईल, रडण्याचा येईल, शिवी तरी येईल म्हणून कान लावून बसले. काहीच आलं नाही. उन्हं अंगणातून सरकत पडवीच्या पायरीला आली. शेजारची एक सून पाणी घेऊन जाताना थांबली, माझ्याकडं बघून पुढं गेली. शेवटी ओढ्याच्या पुलाकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

मी दाराशी गेले. आत अंधारात ती भिंतीकडं तोंड करून बसलेली दिसत होती.

"काकी, येते मी."

ती वळली नाही. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि मग पायऱ्या उतरले.